एका इंग्लिश ग्रामसमाजातील गुन्हे आणि सुरक्षितता : टर्लिंगच्या दप्तराचा बोध

एखाद्या समाजात गुन्ह्यांचे प्रमाण किती होते, या प्रश्नाचे उत्तर संख्येने देण्याचा प्रघात आहे. आणि संख्या वाढली की असुरक्षितता वाढली, घटली की शांतता नांदू लागली, असा निष्कर्ष काढण्याचाही आहे. मोठ्या राष्ट्राच्या बाबतीत ही पद्धती काही अंशी चालून जाते. लहान खेड्याच्या बाबतीत मात्र ती पहिल्याच पायरीवर अडखळते. टेड गर या अभ्यासकाने १९८१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे २० मनुष्यवध घडत, तर विसाव्या शतकाच्या मध्यास हे प्रमाण सुमारे १ इतके खाली आले होते. ही उतरंड लक्षणीय आहे यात संशय नाही. परंतु ५०० वस्तीच्या खेड्यास ती लावून पाहिली असता, पहिल्या प्रमाणाने तेथे दहा वर्षांत एक वध होईल व दुसऱ्या प्रमाणाने दोनशे वर्षांत एक. उलट, अशा खेड्यात एखाद्या वर्षी एकच वध घडला, तर त्या वर्षाचे प्रमाण लाखामागे २०० भरेल! तेव्हा लहान समाजाच्या सुरक्षिततेचा विचार करताना केवळ गुन्हे मोजून भागत नाही. गुन्हा कोणी नोंदविला, कोणाविरुद्ध नोंदविला, आणि जो नोंदविला गेला नाही तो का गेला नाही, हे पाहावे लागते. या दृष्टीने एसेक्स परगण्यातील टर्लिंग या खेड्याचे उदाहरण अत्यंत उद्बोधक आहे.

टर्लिंग हे चेम्सफर्ड व विटम या दोन गावांच्या दरम्यान वसलेले शेतीप्रधान खेडे. कीथ राइटसन व डेव्हिड लेव्हिन या दोघा इतिहासकारांनी या गावाच्या १५२५ ते १७०० या कालखंडातील जीवनाचा अभ्यास करून त्यावरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. एसेक्सची निवड आकस्मिक नव्हती. या परगण्यातील त्रैमासिक न्यायसभांची (क्वार्टर सेशन्स), फिरत्या वरिष्ठ न्यायालयांची (असाइझ) व धर्मन्यायालयांची दप्तरे विपुल प्रमाणात टिकून राहिली आहेत, आणि १९३८ मध्ये स्थापन झालेल्या एसेक्स दप्तरखान्यामुळे ती अभ्यासकांस सुलभ झाली. १५२५ च्या सुमारास टर्लिंगची वस्ती सुमारे ३३० होती. १६७१ पर्यंत ती सुमारे ५८० झाली. त्या वर्षीच्या चूलपट्टीच्या आधारे मोजलेल्या १२२ कुटुंबांपैकी निम्म्याहून किंचित अधिक कुटुंबे मजूर व निर्धन या सर्वांत खालच्या वर्गात मोडत होती. लंडनच्या बाजारासाठी धान्य पिकविणारे मोठे शेतकरी एका बाजूस आणि भूमिहीन मजूर दुसऱ्या बाजूस, अशी या गावाची विभागणी झाली होती. गुन्ह्यांच्या दप्तराचा अर्थ लावताना ही विभागणी सतत ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

या काळात खेड्याचे रक्षण करणारे पगारी पोलीस नव्हते. रक्षणाची जबाबदारी समाजाची सामुदायिक जबाबदारी होती. मध्ययुगात बारा वर्षांवरील पुरुषांना साधारण दहादहांच्या गटांत बांधून परस्परांच्या वर्तनाबद्दल जामीन ठेवण्याची रीत इंग्लंडच्या बहुतेक भागांत होती. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने ठराविक ऋतूंत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पहारा ठेवणे, चोर दिसताच हाकाटी करून सर्वांनी त्याचा पाठलाग करणे व दरोडेखोर हाती न लागल्यास हंड्रेड या विभागातील रहिवाशांनी नुकसान भरून देणे, ही कर्तव्ये निश्चित केली. बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंस दोनशे फुटांपर्यंत दडून बसण्याजोगी झुडपे राहू नयेत, असाही दंडक त्यात होता. १३६१ पासून शांतता-न्यायाधीशांची (जस्टिस ऑफ द पीस) संस्था दृढ झाली आणि त्यांच्या हाताखाली गावचा कॉन्स्टेबल काम करू लागला.

चोर न सापडल्यास वस्तीने नुकसान भरून द्यावे हे तत्त्व, ज्या गावाच्या शिवेत माग संपेल त्या गावावर चोरीची भरपाई लादणाऱ्या मराठी मुलखातील पद्धतीशी जुळणारे आहे, आणि त्यावरून इंग्लिश कॉन्स्टेबल म्हणजे तेथील पाटीलच, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तथापि दोहोंत मूलभूत भेद आहे. पाटील हा वंशपरंपरागत वतनदार होता. कॉन्स्टेबल हा बहुधा वर्षभरापुरता निवडलेला, विनावेतन राबणारा एक सामान्य गृहस्थ असे. वर्ष संपले की ज्यांच्यावर त्याने वॉरंट बजावले त्यांच्याच शेजारी त्याला पुढील आयुष्य काढावयाचे असे. कायद्याची अंमलबजावणी किती कठोरपणे करावयाची याची मर्यादा या साध्या वस्तुस्थितीने ठरत असे.

ही मर्यादा फिर्यादीच्या बाबतीतही दिसते. चोरीचा खटला चालविण्याचा भार ज्याची चोरी झाली त्याच्यावरच असे. साक्षीदार जमविणे, शांतता-न्यायाधीशापुढे जाणे, न्यायसभेच्या गावी जाऊन तिष्ठत राहणे हा सर्व खर्च त्याने सोसावा लागे. खटला सिद्ध झाल्यास गरीब फिर्यादीचा खर्च देण्याची तरतूद प्रथम १७५२ मध्ये झाली. शिवाय शिक्षेचे स्वरूप भयंकर होते. १२ पेन्सांहून अधिक किमतीच्या मालाची चोरी हा कायद्याने देहान्तास पात्र असा गुन्हा होता, आणि १६०० च्या सुमारास १२ पेन्स म्हणजे शेतमजुराची एकदोन दिवसांची मजुरी. शेजाऱ्याने एक मेंढी अथवा थोडे कापड चोरले म्हणून त्याला फासावर चढविण्यास पुष्कळांचे मन धजत नसे. म्हणून ज्यूरी अनेकदा चोरीच्या मालाची किंमत १० किंवा ११ पेन्स ठरवीत, आणि आरोपी फटक्यांवर सुटे. वाचता येणाऱ्या पुरुष गुन्हेगारास धर्मगुरुपदाची सवलत मागून, अंगठ्यावर डाग घेऊन सुटता येई. घरफोडी, घोड्याची चोरी अशा काही गुन्ह्यांना मात्र ती सवलत नव्हती. याहूनही अधिक प्रकरणे न्यायालयाच्या दारापर्यंत जात नसत. माल परत देणे, क्षमा मागणे, मालकाने नोकराला काढून टाकणे, पाद्र्याने वा प्रतिष्ठित शेजाऱ्याने मध्यस्थी करणे, यांतच ती मिटत. तेव्हा दप्तरातील चोऱ्यांची अल्प संख्या म्हणजे चोऱ्यांचा अभाव नव्हे. खटल्यावाचून मार्ग काढण्याची समाजाची शक्ती त्या अल्प संख्येत सामावलेली आहे.

या पार्श्वभूमीवर टर्लिंगच्या दप्तरातील बदल पाहावयाचा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावकऱ्यांविरुद्धच्या तक्रारी वाढत गेल्या. परंतु ही वाढ मुख्यत्वे खून वा दरोड्यांची नव्हती. विनापरवाना गुत्ता चालविणे, दारू पिऊन धुंद होणे, चर्चमध्ये गैरहजर राहणे, विवाहबाह्य संबंध ठेवणे, परक्यांना घरात भाडेकरू म्हणून घेणे, अशा नियमभंगांचा भरणा तीत होता. यांतील अनेक कृत्ये पूर्वीही घडत; पण त्यांच्याकडे कानाडोळा केला जाई. गुत्त्यांना परवाना घेण्याचे बंधन घालणारा कायदा तर १५५२ चा होता. कायदा जुना, आचार जुना. तो अंमलात आणण्याची निकड मात्र नवी होती.

ही निकड कोठून आली? पहिले कारण आर्थिक होय. वस्ती वाढली, जमीन वाढली नाही, मजुरीचे मोल घसरले. १५९४ ते १५९७ या वर्षांत सलग पिके बुडाली. १५९८ व १६०१ च्या कायद्यांनी निर्धनांच्या पोषणाचा भार प्रत्येक पॅरिशवर टाकला. त्यामुळे शेजाऱ्याचे दारिद्र्य हे कर देणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडले गेले. अनौरस मूल, मद्यपी कुटुंबप्रमुख अथवा बाहेरून आलेले कुटुंब म्हणजे पॅरिशवरील उद्याचा बोजा, असे समीकरण रूढ झाले. १६२९ मध्ये जवळच्याच माल्डन बंदरात, धान्य बाहेर जात आहे हे पाहून, स्त्रियांच्या जमावाने जहाजावर चढून धान्य घेतले. त्याच वर्षी दुसरा दंगा झाला आणि ॲन कार्टर या स्त्रीसह काहींना फाशी देण्यात आले. अशा वातावरणात संपन्न ग्रामस्थांना निर्धनांचे भय वाटू लागले, यात नवल नाही.

दुसरे कारण धार्मिक व सांस्कृतिक होय. चर्चवॉर्डन, निर्धनांचे देखरेखदार व ज्यूरीचे सभासद बहुतांशी गावातील वरच्या थरांतून येत. त्यांच्यात साक्षरता वाढली आणि प्यूरिटन धर्मविचार रुजला. १६२४ पासून येथील पाद्री असलेला टॉमस वेल्ड हा त्या पंथाचा कट्टर उपदेशक होता. १६३१ मध्ये पदच्युत झाल्यावर तो न्यू इंग्लंडला गेला. राइटसन यांच्या मते, पूर्वी ग्रामसमाजाला ‘सुव्यवस्था’ म्हणजे शेजाऱ्यांतील सलोखा अभिप्रेत होता. आता वरच्या वर्गाने शासनाची व धर्मसुधारकांची नियमबद्ध शिस्त ही कल्पना आपलीशी केली. एकाच गावात सुव्यवस्थेच्या दोन कल्पना एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या.

या उपपत्तीवर महत्त्वाचा आक्षेप मार्गारेट स्पफर्ड यांनी १९८५ मध्ये घेतला. तेराव्या शतकाच्या अखेरीस व चौदाव्याच्या आरंभीही, लोकसंख्येचा ताण असताना, गावच्या प्रमुखांनी निर्धनांच्या आचरणावर असाच बडगा उगारला होता. तेव्हा प्यूरिटन पंथ नव्हता, मग सतराव्या शतकातील कठोरतेचे श्रेय त्याला कसे द्यावे? मार्जोरी मॅकिंटॉश यांच्या १९९८ मधील ग्रंथानेही १३७० ते १६०० या काळातील अशा नियंत्रणाची दीर्घ परंपरा पुढे आणली. धर्मविचाराचे कारणमूल्य या टीकेने निश्चितच कमी होते. परंतु मूळ मुद्दा त्यामुळे अधिकच बळकट होतो. नोंदलेल्या गुन्ह्यांची भरती-ओहोटी ही लोकांच्या दुर्वर्तनापेक्षा गावातील वर्गसंबंधांच्या ताणाशी अधिक निगडित होती, हे दोन भिन्न शतकांच्या पुराव्यांवरून दिसते.

मग ही सुरक्षितता कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. गावच्या शिष्टमंडळींच्या दृष्टीने गुत्ते कमी होणे, परकी कुटुंबे हुसकली जाणे, अनौरस जन्म घटणे ही सुरक्षिततेची वाढ होती. त्याच काळात टर्लिंगमधील एका निर्धन जोडप्याच्या विवाहास ग्रामस्थांनी आडकाठी केल्याचे उदाहरण मिळते. विवाह झाला नाही, आणि त्यातून जन्मलेले मूल हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. १६६२ च्या वस्तीविषयक कायद्याने, वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात नव्याने राहावयास आलेल्या व पॅरिशवर भार होऊ शकेल अशा व्यक्तीस, चाळीस दिवसांच्या आत तक्रार झाल्यास परत धाडण्याची सोय केली. अशा मनुष्याला चोराचे भय नव्हते. त्याला भय होते ते कॉन्स्टेबलचे.

पुढील दोन शतकांत गुन्ह्याची व्याख्याच विस्तारत गेली. १६७१ च्या शिकारविषयक कायद्याने वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची मालकी जमीन, अथवा तत्सम पात्रता, नसलेल्यास शिकारीची बंदी केली. त्यामुळे शेतमजुराने पकडलेला ससा हा अपराध ठरला. हा मालमत्तेचा निकष १८३१ पर्यंत टिकला. कापणीनंतर शेतात सरवा वेचणे हा गरीब स्त्रियांचा पुरातन रिवाज होता. सफोकमधील एका प्रकरणात १७८८ मध्ये कॉमन प्लीज न्यायालयाने त्यास कायदेशीर हक्काचा आधार नाकारला. रिवाज अनेक गावांत चालूच राहिला, पण हक्काचे आता औदार्य झाले.

१८३९ च्या कायद्याचा लाभ घेऊन एसेक्सने १८४० मध्ये परगण्याचे पगारी पोलीसदल उभारले. १८५६ मध्ये असे दल सर्व परगण्यांस सक्तीचे झाले आणि १८५७ पासून पोलिसांस ज्ञात झालेल्या गुन्ह्यांची राष्ट्रीय कोष्टके प्रसिद्ध होऊ लागली. शेजाऱ्यांना जबाबदार नसलेला, गणवेषातील मनुष्य गावात फिरू लागला, आणि भटकेपणा, दारूबाजी, चोरटी शिकार यांच्या नोंदी करणे हे त्याचे नित्यकर्म झाले. येथेही नोंदी वाढणे आणि गुन्हे वाढणे या भिन्न गोष्टी होत. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच, पोलिसांकडे न जाता थेट नागरिकांनाच त्यांच्यावर ओढवलेल्या गुन्ह्यांविषयी विचारणारी राष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हा अनेक गुन्हे पोलिसांच्या दप्तरात येतच नाहीत हे आधुनिक काळाबाबतही सिद्ध झाले. सतराव्या शतकातील टर्लिंगच्या रहिवाशांना असा प्रश्न विचारणारा कोणी नव्हता, एवढाच फरक.

टर्लिंगच्या दप्तरावरून ते खेडे गुन्हेगारीने ग्रासलेले होते असे म्हणता येत नाही, आणि ते शांततेचे आगर होते असेही म्हणता येत नाही. शेजारधर्माच्या बळावर कलह मिटविणारा समाज हळूहळू न्यायालयाच्या बळावर आपल्यातील दुर्बलांना शिस्त लावू लागला, एवढे मात्र त्यावरून निःसंशय म्हणता येते. जुन्या व्यवस्थेचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात निर्बलाची फिर्याद दडपली जात असे, आणि घराच्या चार भिंतींतील मारहाण बहुधा दप्तरापर्यंत पोचतच नसे. ग्रामीण गुन्ह्यांच्या अभ्यासकाने प्रत्येक आकड्याजवळ फिर्यादीचे व आरोपीचे सामाजिक स्थान लिहून ठेवावे, आणि आकडा वाढलेला दिसताच गावात वाईट माणसे किती वाढली हे विचारण्यापूर्वी, कोणाची सहनशीलता का संपली हे विचारावे. इंग्लंडमधील असो वा अन्य कोठील असो, कोणत्याही गावाचे दप्तर याच क्रमाने वाचणे इष्ट ठरेल.