स्टिअरिंग स्टॅबिलायझर (जुन्या जीप व जिप्सीवरील जोडणी)

स्टिअरिंग स्टॅबिलायझर : पुढच्या चाकांची थरथर आणि खड्ड्यांतून स्टिअरिंगला बसणारे हिसके शोषणारा, टायरॉडच्या दिशेने आडवा बसवलेला तेलाचा शॉकअब. यास स्टिअरिंग डॅम्पर असेही म्हणतात.

वाहने : महिंद्राच्या जुन्या जीप आणि मारुती जिप्सी (१९८५ पासून, नागरी विक्री २०१९ पर्यंत). दोन्हींत पुढचा अॅक्सल अखंड असून कमानपाट्यांवर बसतो. नागपूर परिसरात पेंच, उमरेड-कऱ्हांडला व ताडोबा येथील सफारीमुळे जिप्सी परिचित आहे.

कार्य : पुढची दोन्ही चाके टायरॉडने जोडलेली असल्याने एका चाकाचा धक्का दुसऱ्यास पोचतो. सांधे ढिले असल्यास ठरावीक वेगाला दोन्ही चाके डावी-उजवी थडथडतात. स्टॅबिलायझरमधील दट्ट्या तेलातून सरकताना होणारा विरोध सरकण्याच्या वेगाबरोबर वाढतो. त्यामुळे सावकाश वळवताना तो फारसा जाणवत नाही, अचानक हिसका मात्र शोषला जातो. विरोध दोन्ही दिशांना सारखा लागतो. पाट्यांच्या शॉकअबमध्ये तो सहसा असमान असल्याने तसा शॉकअब येथे चालत नाही.

पूर्वतपासणी : हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. किंगपिन बेअरिंग, टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश, स्टिअरिंग बॉक्स, चाकांचा तोल, टो-इन आणि कॅस्टर क्रमाने पाहावेत. जिप्सीत किंगपिनचा ताण शिम काढून-घालून जुळवतात. सीजे-३बी प्रकारच्या जीपमध्ये मधल्या बेलक्रँकची झीजही तपासावी लागते. झिजलेल्या सांध्यांवर स्टॅबिलायझर बसवल्यास थरथर काही काळ दबते, पण झीज चालूच राहते आणि धोक्याची खूण दिसेनाशी होते.

जोडणी : चाके सरळ ठेवून वाहन सपाट जागी उभे करतात व चाकांना अडण लावतात. एक टोक यू-क्लॅम्पने टायरॉडवर, दुसरे अॅक्सलवरील ब्रॅकेटवर बसते. दुसरे टोक चासीवर घेतल्यास पाटे दबताना व सैलावताना होणारी हालचालही मोजावी लागते. चाके सरळ असताना दट्ट्या मधोमध असावा. त्यानंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहतात : दांडा कोणत्याही टोकाला आदळू नये, कारण वळणाची मर्यादा नकलवरील स्टॉप बोल्टने ठरली पाहिजे. पाटे, डिफरन्शियल व ब्रेकच्या होजपासून अंतर राखतात. टायरॉडवर वेल्डिंग करू नये. गॅसभरित प्रकारात दांडा बाहेर ढकलला जात असल्याने गाडी एका बाजूस ओढू शकते.

देखभाल : तेलगळती, दांड्यावरील ओरखडे आणि सैल नट पाहावेत. विदर्भातील उन्हाळ्यात रबरी बुश लवकर कडक होतात.

कायदा : वाहनातील बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू आहे.