नवी चाल की जुनाच डाव? अमरावतीच्या आखाड्यापासून कबड्डी लीगपर्यंत

१/ एखाद्या गाजलेल्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग आला की आठवडाभरात दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, ‘असे यापूर्वी कोणी केलेच नव्हते.’ दुसरा म्हणतो, ‘हे तर अमक्या गेममधून उचलले आहे.’ हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. नवे कशाला म्हणावे आणि उसने कशाला, हा इतिहासाचा जुना प्रश्न आहे. त्याची परीक्षा घ्यायला उत्तम उदाहरण वऱ्हाडाच्या मातीतच सापडते : कबड्डी.

२/ आधी वाद समजून घेऊ. २०२३ साली निंटेंडोचा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ आला. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा हा पुढचा भाग. जमीन बरीचशी तीच. वर आकाश आणि खाली पाताळ नवे. सर्वांत गाजली ती वस्तू एकमेकींना चिकटवून गाडी, होडी, उडते यंत्र बांधण्याची सोय. जाणकारांनी लगेच २००८ च्या ‘बँजो-कझूई : नट्स अँड बोल्ट्स’कडे बोट दाखवले. सुटे भाग जोडून वाहने बांधणे तेथेही होतेच. मग नवे ते काय?

३/ अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : साम्य नावात आहे, रूपात आहे की कामात? दुसरा : एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ती कल्पना पोहोचण्याची वाट दाखवता येते का? तिसरा : नव्या जागी आल्यावर ती खेळाडूला कोणता नवा निर्णय घ्यायला लावते? साम्य दिसले की उसनवारी सिद्ध झाली, असे मानणारा पहिल्याच प्रश्नावर थांबतो. आता हे तीनही प्रश्न घेऊन अमरावतीला जाऊ.

४/ वऱ्हाड हा विलक्षण मुलूख. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, मालकी मात्र कागदोपत्री निजामाची. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे सत्तेच्या नकाशावर वऱ्हाडाचे तोंड नागपूरकडे होते. पण भाषा मराठी, आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला मुंबईचा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीत भरले. टिळकांचे निकटवर्ती दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच. माणसे, वर्तमानपत्रे आणि विचार ज्या वाटेने ये-जा करत होते, त्याच वाटेने खेळांचे नियमही येऊ-जाऊ शकत होते. आपल्या दुसऱ्या प्रश्नातली ‘वाट’ ती हीच.

५/ १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पायाभरणी केली. आखाडा गावोगाव होताच. कुस्ती, मल्लखांब, लेझीम जुनीच. संस्थेने त्यांत भर घातली ती शिस्तबद्ध शिक्षणाची. जे वस्तादाच्या नजरेत आणि शिष्याच्या अंगात होते, ते शिकवता येईल, तपासता येईल आणि दुसऱ्या गावी नेता येईल अशा रूपात आणणे. साधने जुनी, रचना नवी. हा भेद पुढे वारंवार लागेल.

६/ त्या काळी कबड्डी हा एक खेळ नव्हताच. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालात हाडुडू. नियमांचे तीन मुख्य प्रकार सांगितले जातात. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा मैदानात येतो. ‘गामिनी’त बाद झालेला गडी आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. ‘अमर’मध्ये गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजला जातो.

७/ व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी हे तीन प्रकार पुन्हा एकदा वाचावेत. गामिनी म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’ची फेरी : मेलात, तर फेरी संपेपर्यंत बघत बसा. अमर म्हणजे डेथमॅच : मरण मोजले जाते, खेळाडू लगेच परततो. संजीवनी म्हणजे सशर्त रिस्पॉन : सोबत्याने पराक्रम केला तरच तुमचे पुनरागमन. आणि हे नाव तर थेट शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येवरून आलेले.

८/ मग गेम बनवणाऱ्यांनी ही कल्पना आपल्याकडून चोरली का? नाही. येथे साम्य कामात आहे. नाव वेगळे, रूप वेगळे आणि जोडणारी वाट कोठेच नाही. ‘बाद झालेल्या खेळाडूचे काय करायचे?’ ही अडचण प्रत्येक सांघिक खेळापुढे येते आणि तिची उत्तरे मोजकीच असतात. एकच व्याधी, म्हणून एकच औषध. ‘सर्व काही आधी आमच्याकडेच होते’ असे म्हणण्याचा मोह येथेच आवरायला हवा. त्याने आपल्या खेळाचा मान वाढत नाही, आपल्या युक्तिवादाचा मात्र घटतो.

९/ आता उलट बाजू पाहू, जेथे वाट स्पष्ट दिसते. १९१८ ते १९२३ या काळात सातारा, पुणे, बडोदे येथे या खेळाचे नियम ठरवण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि छापण्याचे प्रयत्न झाले. त्यातून साकारलेल्या खेळात संजीवनीचे पुनरागमन आहे आणि गामिनीतला ‘सगळा संघ बाद’ हा निर्णायक क्षणही आहे. आजही संपूर्ण संघ बाद झाला की लोणाचे दोन जादा गुण मिळतात आणि सगळे गडी परततात. यातला एकही भाग नवा नाही. जोडणी मात्र नवी आहे, आणि तिने डावाचे गणितच बदलले : एकेक गडी टिपत राहावे की कोंडी करून लोण चढवावे?

१०/ ‘लोण’ हा शब्द तर लहानसा पुरावाच आहे. आट्यापाट्या हा विदर्भात आजही खेळला जाणारा खेळ. नऊ पाट्या, मधून जाणारी सूरपाटी, आणि सगळ्या पाट्या ओलांडून परतणाऱ्याचे ‘लोण’. तोच शब्द कबड्डीत संपूर्ण संघ बाद होण्याला लागला. काम निराळे, नाव एक. म्हणजे संजीवनी आणि रिस्पॉनच्या नेमके उलट. एकाच मैदानावर, एकाच मुलांनी दोन्ही खेळ खेळल्याची ही खूण. मात्र नावावरून संपर्क कळतो, नियमाची उसनवारी सिद्ध होत नाही.

११/ १९३६. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचे पथक जर्मनीत पोहोचले आणि कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने करून दाखवली. हा पदकांचा खेळ नव्हता. पण अमरावतीच्या आखाड्यातला खेळ आता अशा प्रेक्षकांपुढे उभा होता, ज्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. गावातल्या प्रेक्षकाला नियम सांगावा लागत नाही. परक्याला सांगावाच लागतो. खेळ ‘दाखवण्याजोगा’ करण्याची गरज दूरचित्रवाणीने निर्माण केली, असे आपण समजतो. तिची सुरुवात त्याहून कितीतरी आधीची आहे.

१२/ पुढचे टप्पे भराभर पाहू. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक, १९९० मध्ये बीजिंगला पदकांचा खेळ म्हणून प्रवेश. आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग. गेमच्या भाषेत सांगायचे तर हा सर्वांत गाजलेला पुढचा भाग. आता त्यातल्या तीन ‘नव्या’ गोष्टी तपासू.

१३/ पहिली : चढाईला तीस सेकंदांची मर्यादा. वेळेचे बंधन नवे आहे का? मुळीच नाही. एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणणे हेच तर जुने घड्याळ होते. दम तुटला, चढाई संपली. फरक असा की ते घड्याळ खेळाडूच्या छातीत होते आणि प्रत्येकाचे वेगळे चालत होते. आता ते पडद्यावर आहे आणि सर्वांसाठी सारखे. एका दमाची अट नियमांत आजही आहे. पण डोळे लागलेले असतात ते आकड्यांकडे. येथे कल्पना जुनी आणि साधन नवे. पण त्या साधनाने खेळातले एक कौशल्य मागे सारले, म्हणून हा बदल किरकोळ म्हणता येत नाही.

१४/ दुसरी : ‘करो या मरो’ चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवाच, नाही तर बाद व्हा. कारण उघड आहे : आघाडीवरचा संघ वेळ काढत बसतो. हीच व्याधी बास्केटबॉलला जडली होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनिआपोलिसला १९–१८ असे हरवले. इतका कंटाळवाणा सामना झाला कारण चेंडू नुसता धरून ठेवला होता. १९५४ मध्ये तेथे चोवीस सेकंदांचे घड्याळ आले. व्याधी एक, पण औषध वेगळे : तेथे सेकंद मोजले जातात, येथे संधी. आणि संधी मोजल्यामुळे कबड्डीत एक नवा प्रश्न जन्मला. तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचे? हुकमी चढाईपटूला पणाला लावायचे, की दुय्यम गड्याचा बळी द्यायचा? खेळाडूला असा निर्णय घ्यायला लावणारा नियम मी खरोखर नवा मानतो.

१५/ तिसरी : सुपर टॅकल. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड यशस्वी झाली तर एक जादा गुण. मागे पडलेल्याला हात देणारी ही युक्ती १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’पासून परिचित आहे, शर्यतीत मागे असलेल्याच्या हाती अधिक प्रभावी वस्तू पडतात. पण इतक्या दूर जायचे कशाला? दुबळ्या झालेल्या संघाला पुन्हा उभे करण्याचा विचार संजीवनीत होताच. सुपर टॅकल हे तिचेच धाकटे भावंड. येथे मूळ बाहेर शोधणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१६/ तुलनेसाठी खो-खो घ्या. त्याचा गाभा काय? पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे फिरायचे नाही. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो लीगने ‘वजीर’ आणला, ज्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा आहे. नाव उघडउघड बुद्धिबळाचे आणि ‘पॉवरप्ले’ क्रिकेटचा. नावे सरळ उसनी, तरी परिणाम आमूलाग्र. कारण तो नियम खेळाच्या मूळ बंधनालाच हात घालतो. उसने घेतलेलेही क्रांतिकारक असू शकते, आणि स्वतः शोधलेलेही किरकोळ.

१७/ कायदा काय म्हणतो? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा ‘शोध’ ठरत नाही. जपानमध्ये मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये निंटेंडो आणि पोकेमॉन कंपनीने ‘पालवर्ल्ड’च्या निर्मात्यांवर पेटंटभंगाचा दावा दाखल केला. कल्पना करा, १९२० च्या दशकात कोणी संजीवनीचे पेटंट घेतले असते तर? सातारा, पुणे, बडोदे, अमरावती यांच्यात जी देवघेव झाली ती झालीच नसती, आणि आजचा खेळही घडला नसता.

१८/ तेव्हा दोन्ही पक्षांना एकच उत्तर. ‘सगळे नवे’ म्हणणारा खेळाची वंशावळ पुसतो. ‘सगळे चोरलेले’ म्हणणारा जोडणीमागचे श्रम पुसतो. सुटे भाग बहुधा जुनेच असतात. नवेपणा असतो तो त्या भागांमुळे खेळाडूपुढे उभ्या राहणाऱ्या पेचात. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’लाही हीच कसोटी लावा. वाहन बांधता येते, हे नवे नाही. पण डोंगर चढावा की तेथेच यंत्र बांधून उडावे, हा प्रश्न त्या जगात पावलोपावली पडत असेल, तर ‘उचलले’ हा शब्द अपुरा आहे.

१९/ या देवघेवीची किंमतही आहे, आणि ती सहसा मोजली जात नाही. नियम छापले गेले, तेव्हा खेळ देशभर पोहोचला. त्याच वेळी गावोगावचे नियम ‘चुकीचे’ ठरले. माती जाऊन मॅट आली, दम जाऊन सेकंद आले, हुतूतू हे नाव मागे पडले. गेमची जुनी आवृत्ती कोणाच्या तरी संगणकात जपलेली असते. गावच्या खेळाची जुनी आवृत्ती फक्त खेळलेल्या माणसांच्या स्मरणात असते, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

२०/ म्हणून वाचकांना एक विनंती. अकोला, मूर्तिजापूर, बाळापूर, दर्यापूर, अचलपूर, अमरावती, तुमचे गाव कोणतेही असो. घरातल्या आजोबा-आजींना विचारा. बाद झालेला गडी परत कधी यायचा? दम घेताना कोणता शब्द म्हणायचे? सीमा कशाने आखायचे? मुलींचे नियम वेगळे होते का? उत्तर गावाच्या नावासह आणि अंदाजे सालासह, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी ‘ही चाल नवी की जुनी?’ असे विचारेल, तेव्हा नुसते मत देण्यापेक्षा पुरावा पुढे ठेवता येईल.