पद्मिनीचा इंडिकेटर : बिघाड सांगणारी टिकटिक

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी निवृत्त झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी ही गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. शहराच्या दक्षिण भागात रिक्षांना परवानगी नसल्यामुळे गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच काही दशके होते.

या गाडीच्या इंजिनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे तिच्या एका लहानशा भागाकडे, वळण्याचा इशारा देणाऱ्या दिव्याकडे, म्हणजे इंडिकेटरकडे वळणार आहोत. आठवी-नववीच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विजेचा बराचसा भाग या एका दिव्यात सामावलेला आहे.

हातापासून दिव्यापर्यंत

आरंभी वळण्याचा इशारा चालकाचा हातच देत असे. १९८९ च्या भारतीय नियमांतही त्याचे वर्णन होते : उजवीकडे वळताना उजवा हात खिडकीबाहेर आडवा, तळवा पुढे, डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. पण रात्री हात दिसत नाही आणि मुंबईच्या आषाढ-श्रावणात काच खाली करण्याची सोय नसते.

तेव्हा हाताच्या जागी यंत्राचा हात आला. मुंबईकराला ही कल्पना नवी नव्हती, कारण रेल्वेच्या सिग्नलचा वर-खाली होणारा हात त्याच्या परिचयाचा होता. मोटारीच्या दारामागच्या खांबात असा छोटा हात बसवलेला असे. कळ दाबली की नालकुंतलातून वीज वाहे, त्याचे विद्युतचुंबक होई आणि आतील लोखंडी दांडा ओढला जाऊन हात बाहेर येई. हाताच्या पोटात बारीक दिवाही असे. ब्रिटनची मॉरिस मायनर ही मोटार १९६१ पर्यंत असे हात बाळगून होती. मात्र धूळ आणि पाणी शिरले की हात अडकून बसत.

लुकलुकणाऱ्या दिव्यात हलणारा हात नव्हता. अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९३९ मध्ये आपल्या मोटारींवर असे दिवे दिले. स्थिर दिव्यापेक्षा उघडझाप करणारा दिवा डोळ्याच्या कडेनेही चटकन लक्षात येतो, म्हणून ही पद्धत टिकली. आंतरराष्ट्रीय नियमांनी पुढे उघडझापीचा वेग मिनिटाला ९० ठरवला. ३० कमी किंवा ३० जास्त चालतात.

दिवा लुकलुकतो कसा?

जुन्या गाड्यांत हे काम ‘फ्लॅशर’ नावाची काडेपेटीपेक्षाही लहान डबी करीत असे. तिच्या एका प्रचलित प्रकारात द्विधातू पट्टी असते. दोन धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून एकमेकांना जोडलेली त्यांची पट्टी तापली की वाकते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन याने ही युक्ती समुद्रावरील घड्याळ तापमानाच्या फरकाने चुकू नये म्हणून योजली होती. तीच येथे दिव्याच्या कामी आली. इंडिकेटर लावला की पट्टी आणि बल्ब यांमधून एकच प्रवाह जातो. पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, दिवा विझतो. पट्टी निवते, सरळ होते, दिवा पुन्हा लागतो. ‘टिक-टिक’ हा त्या पट्टीच्या झटक्याचा आवाज.

आता थोडे गणित करू. बॅटरी १२ व्होल्टची, पुढचा व मागचा बल्ब प्रत्येकी २१ वॉटचा. एका बल्बला १.७५ अँपिअर, दोन्हींना मिळून ३.५ अँपिअर प्रवाह लागतो. समजा, मागचा बल्ब उडाला. पट्टीतून जाणारा प्रवाह निम्मा झाला. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती निम्मी न होता पाव होते. पट्टी पुरेशी तापत नाही आणि पुढचा दिवा न लुकलुकता नुसता जळत राहतो. आत बसलेल्या चालकाला मागचा दिवा दिसत नाही, पण टिकटिक थांबलेली त्याला ऐकू येते. म्हणजे ही डबी नकळत प्रवाह मोजते आणि बिघाडाची वर्दीही देते.

दोष शोधण्याची रीत

यावरून तपासाचा क्रम सहज ठरतो. दोन्ही बाजू बंद असतील तर दोष दोन्हींना सामाईक असलेल्या भागात शोधावा : फ्यूज, फ्लॅशर किंवा कळ. एकच बाजू बिघडली असेल तर फ्लॅशर बदलून पैसे वाया घालवू नयेत. त्या बाजूचा बल्ब व होल्डर पाहावा. बल्ब बदलताना वॉट तेच हवेत, नाहीतर चांगला फ्लॅशरही चुकतो.

दिवा मिणमिणत असेल तर खारी हवा आणि पावसाळा यांनी होल्डरमध्ये धरलेला गंज आठवावा. पेटलेल्या २१ वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ७ ओहम असतो. गंजाने त्यात एका ओहमची भर घातली तरी बल्बला १२ ऐवजी साधारण साडेदहा व्होल्ट मिळतात आणि प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. पॉलिश पेपरने होल्डर घासला की पुष्कळदा काम भागते.

सर्वांत गमतीचा दोष ‘अर्थिंग’चा. मोटारीत परतीची तार म्हणजे गाडीचा पत्राच. मागच्या दिव्यांच्या खोक्याचा पत्र्याशी संपर्क तुटला, तर इंडिकेटरचा प्रवाह अडतो आणि वेगळी वाट शोधतो. त्याच खोक्यातील लाल दिव्याच्या तारेतून उलटा जाऊन तो पलीकडच्या बाजूच्या लाल दिव्यातून पत्र्याला मिळतो. मग इंडिकेटर लावला की लाल दिवे मंद लुकलुकतात. पाहणाऱ्याला हा भुताटकीचा प्रकार वाटतो, पण परिपथ कागदावर काढला की उलगडा होतो.

बिघाडाचा नियम झाला

पुढे ट्रान्झिस्टरचे फ्लॅशर आले. त्यांचा वेग बल्बच्या प्रवाहावर अवलंबून राहिला नाही. म्हणजे बल्ब उडाला तरी दिवा शांतपणे लुकलुकत राहिला असता आणि चालकाला काहीच कळले नसते. म्हणून अभियंत्यांनी प्रवाह मोजणारा छोटा रोध त्यात मुद्दाम घातला. प्रवाह कमी झाला की उघडझाप दुप्पट वेगाने व्हावी अशी योजना केली. जुन्या पट्टीचा जो उपजत गुण होता, तो नव्या यंत्राला शिकवावा लागला. एलईडी दिवे फारच थोडा प्रवाह घेतात. ते जुन्या गाडीत बसवले की बल्ब उडाल्याचाच भास फ्लॅशरला होतो. आज कित्येक मोटारींत टिकटिकही स्पीकरमधून वाजवली जाते, कारण चालकाच्या कानाला तिची सवय झालेली आहे.

वर्गात हे दाखवण्यासाठी मोटार लागत नाही. बॅटरीला दोन सारखे बल्ब समांतर जोडावेत, अँमीटरवर प्रवाह वाचावा, एक बल्ब काढून पुन्हा वाचावा. मग एका जोडणीत गंजका खिळा घालावा. घरी जाताना मुलांनी रस्त्यावरच्या पाच गाड्यांची उघडझाप दहा सेकंद मोजावी आणि सहाने गुणावी. १२० च्या वर आकडा आला, तर त्या गाडीचा कोणता बल्ब उडाला असेल, हे त्यांनीच सांगावे.