जुनं मराठी सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेल का?

गोडादरा (सुरत) : गोडादरा, लिंबायत, उधना भागात खानदेशातली वस्ती मोठी, त्यामुळे लग्नपत्रिका मराठीतच लागते. मराठी डीटीपीचं काम वर्षानुवर्षं पुण्याच्या श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर झालं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली.

विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. त्यावर १६ बिटचे जुने प्रोग्राम थेट चालतच नाहीत; डॉसचे असतील तर मोफत डॉसबॉक्स वापरावं. ३२ बिटचे बहुधा चालतात. अडले तर फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. खरी अडचण डोंगलची, म्हणजे लॉकची. त्याचा ६४ बिट ड्रायव्हर नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. मग जुनी मशीन ठेवायची, पण इंटरनेट काढून.

सॉफ्टवेअरपेक्षा मजकूर महत्त्वाचा. जुन्या फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दाखवते. म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी फॉन्ट कॉपी करून घ्या, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. नंतर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. पत्रिकेत आडनावं तिथंच बिघडतात.