भीमबेटका शैलचित्रे : डिजिटल नोंद आणि जतन

भोपाळच्या आग्नेयेस सुमारे ४५ किमी. अंतरावर, रायसेन जिल्ह्यातील भीमबेटका येथील शैलाश्रयांची चित्रे, उत्खनने आणि मोजमापे नोंदवून ती टिकवण्याचे काम. सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी चारशेहून अधिकांत चित्रे आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा यादीत घेतले.

पहिली छापील नोंद १८८८ ची, किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याची. आदिवासींकडून ऐकलेल्या माहितीवरून त्याने हे बौद्ध स्थळ ठरवले. चित्रांचा खरा शोध १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी लावला. नीमच येथे जन्मलेल्या या मराठी पुराविदाला आगगाडीतून जाताना येथील खडक दिसले, आणि स्पेन-फ्रान्समधल्या चित्रगुहांची आठवण होऊन तो येथे येऊन पोचला.

जतनाच्या दृष्टीने या स्थळाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शैलाश्रयांचे क्रमांक. ‘तीन एफ-२३’ म्हणजे तिसरी टेकडी, एफ गट, तेविसावा आश्रय. १९७० च्या दशकात डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी याच आश्रयात उत्खनन केले. शेजारच्या एफ-२४ मध्ये वाकणकरांनी. उत्खननातला थर, त्यातले दगडी हत्यार, भिंतीवरचे चित्र आणि त्याचे छायाचित्र वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या कपाटांत गेले, तरी हा क्रमांक त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. क्रमांक नसलेले सुंदर छायाचित्र भिंतीवर टांगण्यापुरतेच उपयोगी.

चित्रकार व पुराविद यशोधर मठपाल यांनी येथील चित्रांच्या जलरंगात हातनकला केल्या. त्यांवर आधारित त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये निघाला. हातनकलेत एक निवाडा असतो : कुठला लाल ठिपका रेष आणि कुठला खडकाचा डाग, हे नकलाकार ठरवतो. कॅमेरा ते ठरवत नाही, पण विटलेला गेरू त्याला नीट दिसतही नाही. जॉन हार्मन यांची ‘डीस्ट्रेच’ ही संगणकप्रणाली ही अडचण सोडवते. रंगछटांमधले बारीक फरक ती ताणून मोठे करते आणि डोळ्यांना न दिसणारा हरीण किंवा घोडेस्वार पडद्यावर उमटतो. मात्र ते रंग खोटे असतात. म्हणून मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून काढलेली मूळ, अस्पर्श फाइल सांभाळणे बंधनकारक मानले पाहिजे. पुष्कळदा झगझगीत प्रतिमा छापली जाते आणि मूळ फाइल कुणाच्या तरी जुन्या संगणकाबरोबर भंगारात जाते.

नीट नोंदीचा उपयोग येथेच दिसला. २०२१ मध्ये ‘गोंडवाना रिसर्च’ या नियतकालिकातील लेखात, येथील सभामंडपासारख्या गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म सापडल्याचा दावा करण्यात आला. जागतिक वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. भूशास्त्रज्ञ जोसेफ मीर्ट आणि सहकारी नंतर तिथे गेले, तेव्हा तो ठसा खडकावरून सुटू लागला होता. जवळच मधमाश्यांची पोळी होती. जीवाश्म असा इतक्या थोड्या काळात झिजत नाही. ते कुजलेले पोळे असल्याचे त्यांनी २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात दाखवून दिले, आणि मूळ लेखाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रेटॅलॅक यांनीही ते मान्य केले. जागा आणि छायाचित्रे छापलेली होती, म्हणूनच पडताळा घेता आला.

फाइल तयार करणे सोपे, ती तीस वर्षांनी उघडणे अवघड. ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठातील ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ १९९६ पासून उत्खननांच्या फाइली स्वीकारते आणि जुन्या स्वरूपातून नव्यात आणत राहते. भारतात राष्ट्रीय स्मारके व पुरावस्तू अभियान २००७ मध्ये सुरू झाले. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने ‘जतन’ ही प्रणाली घडवली. दोन्हींचा भर वस्तू आणि वास्तूंच्या याद्यांवर आहे. उत्खननाच्या वह्या, थरांचे आराखडे आणि हजारो कच्ची छायाचित्रे यांची सोय यादीने होत नाही.

एक बाब मात्र खुल्या माहितीच्या उत्साहातही झाकूनच ठेवावी. पर्यटकांना येथील मोजकेच आश्रय दाखवले जातात. उरलेले शेकडो भोवतालच्या रातापानीच्या जंगलात, रखवालीविना आहेत. त्यांचे अचूक अक्षांश-रेखांश अभ्यासकाला मागणीवरून मिळावेत, नकाशावर सर्वांसाठी नकोत.