कूर्चाविदारण, गुडघ्यातील : भौतिकोपचार व पुनर्वसन

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. वैद्यकात त्यांना मेनिस्कस म्हणतात. अंगाचा भार पसरवणे आणि सांधा स्थिर ठेवणे ही त्यांची कामे. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असल्यामुळे कडेची चीर सांधू शकते, आतली सहसा सांधत नाही. आतली चीर तशीच राहूनही माणूस अनेकदा विनातक्रार चालू लागतो, आणि भौतिकोपचाराचा सगळा भर त्यावरच आहे.

चीर दोन प्रकारे पडते. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाऊल जमिनीवर रोवलेले असताना गुडघा पिळला की तरुणाची कूर्चा फाटते. चाळिशीनंतर ती झिजून विरते आणि उकिडवे बसून उठण्याचेही निमित्त पुरते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षांच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले (२००८). ज्यांच्या कूर्चेला चीर आढळली, त्यांच्यातील सुमारे ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघेदुखीचा काही त्रास नव्हता. त्यामुळे अहवालातील ‘टिअर’ हा शब्द वाचून घाबरलेल्या रुग्णाला ही माहिती पहिल्याच भेटीत मिळायला हवी.

इतिहास : १९व्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शल्यविशारद जॉन ब्लंड-सटन यांनी ही कूर्चा म्हणजे पायाच्या स्नायूंचा निरुपयोगी अवशेष ठरवली होती. पुढे अनेक दशके ती सर्रास काढून टाकली जाई. शल्यविशारद फेअरबँक यांनी १९४८ मध्ये कूर्चा काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत झिजेच्या खुणा दाखवल्या. १९६२ मध्ये जपानचे मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून कूर्चेचा फक्त फाटका भाग काढला.

चाचण्या : अशा छाटणीचा उपयोग तपासण्यासाठी फिनलंडमध्ये १४६ रुग्णांपैकी काहींची चीर दुर्बिणीतून छाटली, बाकीच्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम होता (२०१३). नॉर्वेच्या चाचणीत (२०१६) व्यायामाची थेट कसोटी लागली. सरासरी पन्नाशीच्या आतबाहेरचे १४० रुग्ण निवडले गेले; निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, देखरेखीखाली व्यायाम दिला. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक उरला नव्हता. तीन महिन्यांच्या तपासणीत मात्र मांडीच्या स्नायूंची ताकद व्यायाम करणाऱ्यांत अधिक भरली. त्यांच्यापैकी सुमारे १९ टक्के जणांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही नोंदवले पाहिजे. नेदरलँड्समधील ३२१ रुग्णांच्या चाचणीचा (२०१८) निष्कर्ष याच दिशेचा होता. डेन्मार्कमध्ये (२०२२) १८ ते ४० वयाच्या १२१ जणांतही वर्षभरानंतर दोन्ही उपचार तुल्यबळ ठरले. व्यायामगटातील सुमारे एक चतुर्थांश रुग्ण मात्र शस्त्रक्रियेकडे वळले.

व्यायामक्रम : सुरुवातीला सूज उतरवणे आणि गुडघा पूर्ण सरळ करता येणे महत्त्वाचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, टाच घसरवत गुडघा वाकवायचा. सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो आणि काही दिवसांतच बारीक होतो. त्याला पुन्हा जागे करणे हाच उपचाराचा कणा. नंतर स्थिर सायकल, अर्धी बैठक, पायरी चढ-उतार, एका पायावर तोल सांभाळणे. दुसऱ्या दिवशी सूज किंवा दुखणे वाढले, तर भार कमी करावा, पण व्यायाम सोडू नये. खेळाडूला मैदानात सोडण्यापूर्वी दुखऱ्या पायाची ताकद निदान चांगल्या पायाच्या ९० टक्के असावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

वरीलपैकी काही चाचण्यांत वापरलेली ‘कूस’ (KOOS) ही गुडघ्याच्या त्रासाविषयीची प्रश्नावली जिना, मोजे, उकिडवे बसणे, गुडघे टेकणे यांबद्दल विचारते. मांडी घालून बसण्याबद्दल विचारत नाही. महाराष्ट्रातील रुग्णाचा पहिला प्रश्न अनेकदा तोच असतो. पूजेला, पंगतीला, भजनाला जमिनीवर बसता येणे हे पुनर्वसनाचे उद्दिष्ट म्हणून सुरुवातीलाच लिहून घ्यावे, आणि तिथवर उंच आसन, मग पाट, मग जमीन अशा टप्प्यांनी जावे.

मर्यादा : गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेला तुकडा सांध्यात घुसल्याची शक्यता असते. अशा वेळी व्यायामात दिवस न घालवता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. कूर्चेचे मूळच उखडले असेल, तर शस्त्रक्रिया कोणावर आणि केव्हा करावी याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

कूर्चेला टाके घातल्यानंतर : पहिले काही आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवणे सहसा टाळतात, पूर्ण बैठकीला काही महिने मनाई असते.

इंजेक्शने, पट्टे : कूर्चेची चीर यांनी सांधते, असा भक्कम पुरावा नाही.