मूकपटातील प्रेमसंघर्ष आणि कोल्हापूर

एक नायिका आणि तिच्यासाठी झुंजणारे दोन पुरुष, हे कथासूत्र मूकपटांच्या काळात जगभर लोकप्रिय होते. अमेरिकेतील घोडेस्वारांच्या ‘वेस्टर्न’ पटांत हा तंटा बहुधा पाठलाग, हाणामारी किंवा पिस्तुलाच्या बळावर मिटे. त्याच काळात कोल्हापुरात हे सूत्र पुराणकथेच्या वेषात पडद्यावर आले. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२१ मधील ‘सुरेखाहरण’ हा मूकपट त्याचे उदाहरण होय.

बलरामाची कन्या सुरेखा अर्थात वत्सला हिचे मन अभिमन्यूवर जडलेले असते. बलराम मात्र तिचा विवाह दुर्योधनाचा पुत्र लक्ष्मण याच्याशी ठरवतो. अखेर घटोत्कचाच्या मायेमुळे तिला अभिमन्यू लाभतो, अशी ही कथा. व्यासांच्या महाभारतात ती नाही. लोकपरंपरेत मात्र ती घरोघरी ठाऊक होती. त्यामुळे कोण जिंकणार, ही उत्कंठा येथे नव्हतीच. ‘वेस्टर्न’ पटात दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर भिडतात. येथे खरा अडसर पित्याच्या शब्दाचा आहे आणि कसोटी लागते ती मुलीच्या पसंतीची. या चित्रपटात श्रीकृष्णाच्या भूमिकेतून व्ही. शांताराम यांनी अभिनयात पदार्पण केले.

अशा कथांसाठी पडद्यावरील नायिकाही खरी वाटणे आवश्यक होते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती साकारली ती अण्णा साळुंके या पुरुष नटाने. बाबूरावांनी १९२० च्या ‘सैरंध्री’मध्ये गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांनाच भूमिका दिल्या. सिनेमात काम करणे स्त्रीसाठी कमीपणाचे मानले जाई, त्या काळात त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. सैरंध्रीची अभिलाषा धरणाऱ्या कीचकाचा भीमाकडून होणारा वध हा या पटाचा विषय होता. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

बोलपटांच्या युगातही सुरेखेची कथा टिकून राहिली. १९५७ च्या गाजलेल्या तेलुगू ‘मायाबजार’मध्ये तीच शशिरेखा या नावाने अवतरली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट मात्र काळाच्या ओघात नष्ट झाले. शहरातील खरी कॉर्नर येथील कॅमेरा स्तंभ बाबूरावांच्या कार्याची साक्ष देतो. त्यांनी टिपलेली दृश्ये पाहण्याचे भाग्य आजच्या कोल्हापूरकरांना क्वचितच लाभते.